वोयवोदिना: सात टक्के कशाचे?

वोयवोदिना हा सर्बियाच्या उत्तरेतला स्वायत्त प्रांत. वोयवोदा म्हणजे फौजेचा म्होरक्या, आणि वोयवोदिना हा त्याचा मुलूख. १८४८ मध्ये कार्लोव्त्सीच्या सभेत सर्बांनी असा एक वोयवोदा निवडला. तो वर्ष संपायच्या आत वारला. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना दरबाराने या नावाचा मुलूख दिला खरा, पण कारभार तिमिश्वाराहून (ते आता रोमानियात), सर्ब तिथे बहुसंख्य नाहीत, आणि महावोयवोदा ही पदवी खुद्द सम्राटाने घेतलेली! १८६० मध्ये तोही मोडीत निघाला. नाव तेवढं उरलं.

खरी सत्ता आली १९७४च्या युगोस्लाव्ह घटनेने. प्रांताला स्वतःची घटना मिळाली, संघराज्याच्या अध्यक्षमंडळात जागा मिळाली. ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रांताच्या मुख्य शहरात, नोवी सादला, जमावाने सरकारी इमारतीवर योगर्टच्या पिशव्या फेकल्या, नेतृत्वाने राजीनामे दिले आणि पुढच्या वर्षी अधिकार बेलग्रेडकडे गेले. याला ‘योगर्ट क्रांती’ म्हणतात. क्रांती कुणाची, हे विचारायचं नाही.

आजचं भांडण २००६च्या घटनेतल्या एका वाक्याचं आहे. प्रांताचं अंदाजपत्रक सर्बियाच्या अंदाजपत्रकाच्या ‘तुलनेत’ किमान ७ टक्के असावं, आणि त्यातले तीन सप्तमांश भांडवली कामांवर जावेत. ऐकायला सोपं. पण शिक्षकांच्या पगारासाठी येणारा पैसा या सातात धरायचा की वेगळा? बेलग्रेड म्हणतं धरायचा. तसा धरला तर आकडा कागदावर जुळतो. मात्र तो पैसा प्रांताच्या हातून नुसता पुढे सरकतो, त्यातून रस्ता बांधता येत नाही. हिशेबाचे नियम ठरवणारा कायदा वर्षानुवर्षं रखडला. उलट २०१२ मध्ये सर्बियाच्या घटना न्यायालयाने प्रांताच्या अधिकारांच्या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली. नोवी सादला ‘राजधानी’ म्हणणंसुद्धा घटनाबाह्य ठरलं. २०१४च्या प्रांताच्या नव्या सनदेत ते शहर प्रशासकीय केंद्र झालं.

वारशाला मात्र असल्या हिशेबाची पर्वा नाही. फ्रुश्का गोराच्या टेकड्यांत सोळा मठ आहेत. कारभाराला सहा भाषा चालतात, त्यांत रुसिन ही छोटी स्लाव्ह भाषाही. पेत्रोवारादिन किल्ल्यावरच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो, डॅन्यूबवरच्या नावाड्यांना लांबून दिसावा म्हणून. त्याच नदीवरचे नोवी सादचे तिन्ही पूल १९९९च्या नाटोच्या बॉम्बहल्ल्यात पडले. रेल्वेचा पूल पुन्हा सुरू व्हायला २०१८ उजाडलं.