गोट्याखालच्या अळीला नाव कसे मिळाले

मेळघाटात सिपना नदीच्या खळाळत्या पाण्यातला गोटा उलटला, की त्याच्या खालच्या अंगाला कधीकधी टिकलीएवढी तपकिरी चकती चिकटलेली सापडते. वरून ना डोके दिसते, ना पाय. नखाने हळूच सोडवून पालथी केली, की सहा पाय वळवळताना दिसतात. ही सेफेनिडी कुळातल्या भुंगेऱ्याची अळी. अमेरिकेत १८४४ मध्ये जेम्स डीके यांनी न्यूयॉर्क राज्याच्या प्राण्यांवर लिहिताना अशाच अळीची नोंद चक्क खेकडे-झिंग्यांच्या गटात केली होती!

त्यांना दोष देता येत नाही. लिनियसने १७५८ मध्ये एका पाणभुंगेऱ्याच्या गटाला डायटिस्कस हे नाव दिले, तेव्हापासून सगळी ओळख प्रौढ भुंगेऱ्यांवरच बेतलेली. अळीचे रूप अगदीच निराळे. ती कोणाची हे कळायला तिला पाळायचे आणि कोषातून भुंगेरा निघेपर्यंत थांबायचे, हाच खात्रीचा मार्ग होता.

पुढे १९३१ मध्ये बोविंग आणि क्रेगहेड यांनी भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा सचित्र आढावा छापला. १९७२ मध्ये फ्रान्सच्या बेर्त्रां यांनी जगभरातल्या पाणभुंगेऱ्यांच्या अळ्या आणि कोष एका ग्रंथात आणले. आज भिंगाखाली आपण पाहतो त्या खुणा याच कामातून रुळल्या. डायटिसिडी या पाणभुंगेऱ्यांच्या कुळातल्या अळीच्या पायाला दोन नख्या आणि भक्ष्याचा रस ओढणारे, आतून पोकळ जबडे. हायड्रोफिलिडी कुळातल्या अळीला एकच नखी. गायरिनिडी कुळातल्या अळीच्या पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची रांग, टोकाला चार आकडे. एल्मिडी कुळातली अळी मात्र बघत राहावी अशी: शेपटाकडे छोटे झाकण, आणि त्याआडून कल्ल्यांचा झुपका आत-बाहेर होत असतो.

भारतात १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिथल्या वझिरानी यांचा गायरिनिडी आणि हॅलिप्लिडी कुळांवरचा ग्रंथ १९८४ चा. तरी अळ्यांचे काम मागेच राहिले. म्हणून आपल्या नाल्यातली अळी परदेशी तक्त्यावरून थेट जातीपर्यंत नेणे मला गैर वाटते. कुळापाशी थांबावे. पाण्याची प्रत जोखायला तेवढे बहुधा पुरते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून आकाराला आलेली, पाण्यात सापडणाऱ्या जीवांना गुण देऊन पाण्याची प्रत ठरवणारी गुणपद्धतही कुळांवरच चालते.

२००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची, कल्पना मांडली आणि पाळण्याची सक्ती सुटली, कारण अळी आणि भुंगेरा यांचा डीएनए एकच. पण जुळवायला इथला, नाव पक्के असलेला प्रौढ हवा. त्यामुळे नमुने घेताना त्याच पाण्यातले भुंगेरेही कडक अल्कोहोलात ठेवावेत, नाल्याचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीतच टाकावी. व्याघ्र प्रकल्पात हे सारे वनखात्याच्या परवानगीनेच.