जपान महायुद्धात का उतरला: तेलबंदीची पार्श्वभूमी

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला, तिथे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. प्रश्न असा आहे की ज्या देशाकडून आपलं जवळपास ८० टक्के तेल येतं त्याच देशाशी युद्ध करायचं जपानने ठरवलं कसं. बहुतेक जण म्हणतात की अमेरिकेने तेल तोडलं, मग जपानपुढे दुसरा मार्ग उरला नाही. हे अर्धंच खरं आहे, उरलेलं अर्धं चीनमध्ये सापडतं.

जपानने मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग) बळकावणं, राष्ट्रसंघ (पहिल्या महायुद्धानंतरची आंतरराष्ट्रीय संघटना) सोडणं वगैरे मागचं सगळं धरून चालू. खरी गाठ बसली ती जुलै १९३७ मध्ये, बीजिंगजवळच्या एका पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि बघता बघता तिचं पूर्ण युद्ध झालं. लष्कराला वाटत होतं काही महिन्यांत चीन वाकेल. शांघाय घेतलं, नानजिंग घेतलं, तिथे भयंकर कत्तल केली, पण चीनचं सरकार आत डोंगराळ भागात चोंगकिंगला जाऊन बसलं आणि लढत राहिलं. चार वर्षं झाली तरी लाखो जपानी सैनिक तिथेच अडकलेले, आणि हे युद्ध चालवायला लागणारं तेल, भंगार लोखंड, मशिनरी यातलं बरंचसं अमेरिकेतून यायचं. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर सोव्हिएत फौजेने जबर मार दिला, त्यामुळे उत्तरेकडे सरकायचा उत्साहही ओसरला.

मग १९४० मध्ये हॉलंड आणि फ्रान्स जर्मनीपुढे पडले. आग्नेय आशियातल्या त्यांच्या वसाहतींना, म्हणजे तेल, रबर, कथील असलेल्या प्रदेशांना, वालीच उरला नाही. सप्टेंबरमध्ये जपानने फ्रेंचांच्या इंडोचायनाच्या (आताचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) उत्तर भागात फौज घातली आणि २७ तारखेला जर्मनी-इटलीबरोबर एकमेकांना लष्करी मदत करायचा करार केला. या कराराने अमेरिका बिचकेल असा टोकियोचा हिशोब होता, झालं उलटंच. अमेरिकेने भंगार लोखंड बंद केलं, आणि चीनचा प्रश्न आणि युरोपचं युद्ध वॉशिंग्टनच्या नजरेत एकच होऊन गेलं.

आता ज्यावर आजही वाद चालतो तो निर्णय. जुलै १९४१ च्या शेवटी जपानी फौज दक्षिण इंडोचायनात शिरली, तिथल्या विमानतळांवरून ब्रिटिशांच्या ताब्यातलं मलाया (आताच्या मलेशियाचा भाग) टप्प्यात येतं. २६ जुलैला अमेरिकेने जपानची सगळी मालमत्ता गोठवली, पाठोपाठ ब्रिटिश आणि डच सरकारांनीही तेच केलं. पण गंमत नाही, खरंच लक्षात घ्यायची गोष्ट आहे की या आदेशात तेलबंदी असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. तेल घ्यायचं तर परवाना काढा आणि गोठवलेल्या पैशातून रक्कम सोडवून घ्या, इतकंच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना तेल पूर्ण तोडायचं नव्हतं असं दिसतं, कारण तोडलं तर जपान लगेच तेल असलेल्या डच बेटांवर (आताचं इंडोनेशिया) झेप घेईल ही भीती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात झालं असं की पैसे सोडायचं काम ज्या अधिकाऱ्यांकडे होतं त्यांनी ते सोडलेच नाहीत, ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ब्रिटिश पंतप्रधानांना भेटायला न्यूफाउंडलंडला गेलेले, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत तेल पूर्ण थांबलंय हे स्पष्ट झालं होतं. तेव्हा मागे घेतलं असतं तर कच खाल्ल्यासारखं दिसलं असतं, म्हणून तसंच राहू दिलं. काही इतिहासकार म्हणतात अधिकाऱ्यांनी परस्पर केलं, काही म्हणतात राष्ट्राध्यक्षांना हेच हवं होतं, फक्त कागदावर नको होतं. मला वाटतं हा वाद जपानच्या जबाबदारीपर्यंत पोचतच नाही. कारण २ जुलैला, म्हणजे मालमत्ता गोठायच्या तीन आठवडे आधी, सम्राटासमोरच्या बैठकीत ठरलेलं होतं की दक्षिणेकडे सरकायचं आणि त्यासाठी ब्रिटन-अमेरिकेशी युद्ध झालं तरी मागे हटायचं नाही.

तेलबंदीने काय केलं तर घड्याळ लावून दिलं. साठा साधारण दोन वर्षांचा, युद्ध पेटलं तर त्याहून कमी. शिवाय अमेरिकेने १९४० मध्येच प्रचंड नौदल बांधायला घेतलेलं, त्यामुळे लढायचं असेल तर आत्ताच, असं नौदलातलेही म्हणायला लागले, अगदी ज्यांना जिंकायची खात्री नव्हती तेसुद्धा. ६ सप्टेंबरच्या बैठकीत ऑक्टोबरअखेरपर्यंत युद्धाची तयारी पुरी करायचं ठरलं. तडजोडीची एकच वाट होती, चीनमधून फौजा काढणं, आणि युद्धमंत्री त्याला कुठल्याही परिस्थितीत तयार नव्हते, इतकी माणसं मेली ती फुकट जातील असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरच्या मध्यावर यावरूनच मंत्रिमंडळ पडलं आणि तेच युद्धमंत्री पंतप्रधान झाले.

२६ नोव्हेंबरला अमेरिकेने चीन आणि इंडोचायनातून फौजा काढा अशी मागणी लेखी दिली. या कागदामुळे युद्ध झालं असं अजूनही सांगितलं जातं, पण तो टोकियोला पोचायच्या आत विमानवाहू जहाजांचा ताफा कुरील बेटांवरून हवाईकडे निघालेला होता. बोलणी जमली असती तर त्याला परत बोलावता आलं असतं हे खरं, पण जमायला फौजा काढाव्या लागल्या असत्या.

१ डिसेंबरला शेवटचं शिक्कामोर्तब झालं. मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैनिक उतरले ते हवाईवर बॉम्ब पडायच्या तासभर आधी, आणि फेब्रुवारी १९४२ च्या मध्यावर सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेल रिफायनरीवर त्यांचे छत्रीसैनिक उतरले.