इंजेक्शन चालू आहे, मग गोळी कशाला?

अ‍ॅडिसन हा आजार असलेल्या कुत्र्यांच्या पालकांसाठी

हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. विचारायच्या आधीच ज्यांनी गोळी बंद केलेली असते, त्यांच्या कुत्र्याला बऱ्याचदा सलाइन लावायची वेळ येते. म्हणून हे लिहून हातात देत आहोत.

आजार तुम्हाला ठाऊक आहेच. मूत्रपिंडांलगतच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बहुतेक वेळा दोन हार्मोन्स बनवेनाशा होतात. अल्डोस्टेरॉन रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम सांभाळतं, कॉर्टिसॉल ताण सोसायचं बळ देतं. दर महिन्याचं डीओसीपी इंजेक्शन फक्त अल्डोस्टेरॉनची जागा भरतं. कॉर्टिसॉलची उणीव प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या त्या छोट्याशा गोळीनेच भरून निघते. (इंजेक्शनऐवजी रोज फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर हिशेब थोडा वेगळा असतो, तो आम्हाला विचारा.)

मागे एक लॅब्राडोर आली होती. इंजेक्शन वेळेवर, सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट अगदी छान. तरी चार दिवस ती जेवणाचं भांडं नुसतं हुंगून बाजूला होत होती, रात्री उलटी करत होती. गोळ्यांची पट्टी मागितली, तर दोनच गोळ्या काढलेल्या. ‘मस्त खेळत होती, उगाच स्टेरॉइड नको म्हणून थांबवलं.’ ही भीती आम्हाला समजते. पण खाजेसाठी देतात तेवढा हा डोस नसतो. निरोगी शरीर रोज स्वतः जेवढं बनवतं, साधारण तेवढंच आपण बाहेरून देतो. पाणी फार पितोय, सारखी लघवी करतोय असं दिसलं तर कळवा. आम्ही डोस कमी करू. बंद मात्र करू नका.

प्रवास, बोर्डिंग, ऑपरेशन, घरात अचानक गर्दी अशा दिवसांत निरोगी कुत्र्याचं शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं. तुमच्या कुत्र्याचं वाढवू शकत नाही. त्या दिवसांपुरती गोळी सहसा दुप्पट करावी लागते. किती आणि कधीपासून, ते निघण्याआधी फोन करून ठरवून घ्या. उलटी झाली तर गोळी पोटात राहिली असं धरू नका आणि सकाळची वाट पाहू नका. अंग गार पडलं, उभं राहवत नसेल, तर जवळ जो दवाखाना असेल तो गाठा आणि दारातच सांगा, ‘याला अ‍ॅडिसन आहे.’ एरवी हे सगळं किडनीच्या आजारासारखं दिसतं आणि मोलाचा वेळ जातो.

‘दर वेळी रक्त कशाला काढता?’ हेही ऐकतो. डीओसीपीच्या लेबलवरचा सुरुवातीचा डोस किलोमागे 2.2 मिलिग्रॅम, दर 25 दिवसांनी. पण बऱ्याच कुत्र्यांना त्याहून कमी पुरतो. इंजेक्शननंतर दहाव्या दिवसाच्या रक्तावरून डोस बरोबर बसला का ते कळतं, पंचविसाव्या दिवसाच्या रक्तावरून तो किती दिवस टिकतो ते. सुरुवातीचे दोन-तीन महिने हे नीट केलं की डोस बसतो आणि तपासण्या विरळ होतात. औषध आयुष्यभराचं आहे. डोस गरजेपुरता ठरला तर पुढचा खर्चही कमी होतो. म्हणून रक्त न तपासता नुसतं इंजेक्शन टोचून पाठवायला आम्ही तयार नसतो, कोणी रागावलं तरी.

डोस बसल्यावर त्वचेखाली इंजेक्शन घरी कसं द्यायचं ते आम्ही शिकवतो, आणि तारखेच्या दोन दिवस आधी फोनही करतो. येताना चालू असलेली गोळ्यांची पट्टी सोबत आणा.