वारसातर्क (कल्पनारम्य मालिकांतील)

काल्पनिक राज्यावर आधारलेल्या दीर्घ कथेत गादीवर पुढे कोण बसणार, कोणाचा हक्क खरा आणि अमुक पात्र असे का वागते, याविषयी वाचक-प्रेक्षकांनी संहितेतील खुणांवरून बांधलेली अनुमाने. बोलण्यात यांना ‘फॅन थिअरी’ म्हणतात. भाकितापेक्षा हा प्रकार निराळा आहे. भाकीत करणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही, तर्क मांडणाऱ्याला आधार दाखवावा लागतो. वारस आणि हेतू यांचा विचार येथे एकत्र केला आहे, कारण जन्माचे गुपित कोणी व कशासाठी राखले हे सांगितल्याशिवाय हक्काचा तर्क उभाच राहत नाही.

उगम : या प्रथेचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो दूरचित्रवाणीत पाहतात. १९८० मध्ये ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेतील जे. आर. युइंगवर गोळी कोणी झाडली, हा प्रश्न मार्च ते नोव्हेंबर लोकांच्या तोंडी होता. ‘ट्विन पीक्स’चे (१९९०–९१) प्रेक्षक भाग ध्वनिचित्रफितीवर घेऊन पुन्हापुन्हा तपासत. माध्यम-अभ्यासक हेन्री जेंकिन्स यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. पुढे दूरचित्रवाणीचे अभ्यासक जेसन मिटेल यांनी अशा बारकाईच्या पाहण्याची तुलना न्यायवैद्यक तपासाशी केली.

दुसरे मत हा काळ बरेच मागे नेते. चार्ल्स डिकन्झ ९ जून १८७० रोजी वारले तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही त्यांची क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी अर्धीच राहिली होती. नियोजित बारा भागांपैकी सहाच भागांचा मजकूर हाती होता. तेव्हापासून तिच्या शेवटाविषयी तर्क सुरू झाले आणि जानेवारी १९१४ मध्ये लंडनला कादंबरीतील संशयितावर लुटुपुटूचा खटलाही चालला. जी. के. चेस्टरटन त्यात न्यायाधीश होते. १९११ मध्ये रॉनल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांची धर्मग्रंथांप्रमाणे चिकित्सा करणारा निबंध वाचला, त्यालाही या परंपरेत स्थान दिले जाते.

तिसरे मत शेक्सपिअर-समीक्षेकडे बोट दाखवते. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शोकात्मिकांतील पात्रांचा विचार हाडामांसाच्या माणसांप्रमाणे केला, तर एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये ‘लेडी मॅकबेथला मुले किती?’ असा मथळा देऊन या पद्धतीवर टीका केली. मात्र प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. लेडी मॅकबेथ आपण बाळाला दूध पाजल्याचे सांगते. पुढे मॅकबेथ आपल्या हाती वांझ राजदंड आल्याची खंत करतो आणि आपला सहकारी सरदार बँको व त्याचा मुलगा या दोघांच्या जिवावर उठतो. म्हणजे वारस नसणे हाच खुनाचा हेतू ठरतो. वारस आणि हेतू यांची ही सांगड पाहता प्रस्तुत विषयापुरते तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘मॅकबेथ’ पूर्ण झालेली कृती आहे. उत्तर अजून यायचे आहे या जाणिवेतून येणारी उत्कंठा ड्रूडच्या वाचकांपाशीच प्रथम ठळकपणे दिसते.

तर्काची रचना : या प्रकाराचे सर्वांत तपशीलवार उदाहरण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेत (पहिला खंड १९९६) आणि तिच्यावरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–१९, ७३ भाग) या मालिकेत सापडते. जॉन स्नो हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. तो वस्तुतः नेडची बहीण लियाना आणि गादीवरून हटवलेल्या टार्गेरियन राजघराण्यातील युवराज रेगार यांचा मुलगा आहे, असा हा तर्क. तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आर अधिक एल बरोबर जे’ म्हणतात. पहिल्या खंडानंतर थोड्याच काळात तो प्रचारात आला असावा.

त्याचे पुरावे बारीक आहेत आणि त्यातच त्याची गोडी आहे. हॅरनहॉलच्या स्पर्धेत रेगार आपल्या पत्नीला ओलांडून लियानाला निळ्या गुलाबांचा मुकुट देतो. दुसऱ्या खंडात रेगारची बहीण डनेरिस हिला दृष्टांतात बर्फाच्या भिंतीतील फटीतून उगवलेले निळे फूल दिसते, आणि जॉन तेव्हा राज्याच्या उत्तर सीमेवरील बर्फाच्या भिंतीच्या पहारा-दलातच असतो. सर्वाधिक खल झाला तो नेडच्या स्वप्नावर. टार्गेरियनांना गादीवरून हटवणारे युद्ध संपले आहे, राजा, युवराज आणि युवराजाचा मुलगा मरण पावले आहेत, तरी राजरक्षक दलाचे तीन शूर योद्धे एका एकाकी बुरुजाशी उभे आहेत. बुरुजात लियाना मरणासन्न आहे. उरलेला ज्ञात राजपुत्र व्हिसेरिस ड्रॅगनस्टोनला गेला, हे नेड त्यांना सांगतो, तरी ते हलत नाहीत. राजाचे रक्षण हे ज्यांचे व्रत ते राजपुत्राला सोडून येथे का, याचे उत्तर तर्ककर्ते असे देतात की खरा राजा बुरुजात जन्मला होता, म्हणजेच तो औरस होता. विरुद्ध पक्षाचे म्हणणे, ते रेगारच्या हुकमाला बांधलेले होते आणि हुकूम पाळणाऱ्याला वारसाहक्काचा निवाडा करावा लागत नाही. शिवाय हे ज्वरातले स्वप्न आहे, त्यातील संवाद जसेच्या तसे घडले असे धरता येत नाही, हा इशारा खुद्द मार्टिन यांनीही दिलेला आहे. तेव्हा या दृश्यावरून जॉनचे मातापिता अनुमानता येतात, औरसपणा मात्र सिद्ध होत नाही, ही मधली भूमिका अधिक सुरक्षित होय.

नेडचा हेतू हा या तर्काचा सर्वांत भक्कम खांब आहे. रेगारच्या मुलांची प्रेते समोर ठेवली असता नवा राजा रॉबर्ट याला दुःख झाले नव्हते, हे नेडने पाहिले होते. बहिणीचे मूल वाचवायचे तर ते स्वतःचे म्हणून सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. सचोटीसाठी ओळखला जाणारा हा माणूस व्यभिचाराचा डाग जन्मभर वागवतो आणि पत्नीलाही खरे सांगत नाही. तर्क मान्य केला की त्याच्या प्रत्येक मौनाचा अर्थ बदलतो. मालिकेने जॉनच्या आईचे रहस्य २६ जून २०१६ च्या भागात उघड केले आणि २७ ऑगस्ट २०१७ च्या भागात त्याला औरस ठरवले.

मालिकेतील उत्तर कादंबरीलाही लागू पडते का, हा प्रश्न येथे निघतो. पाचव्या खंडात (२०११) रेगारचा मृत मानलेला मुलगा एगॉन असल्याचा दावा करणारा तरुण येतो. तो तोतया असून टार्गेरियनांच्या ब्लॅकफायर या अनौरस शाखेचा असावा, असा तर्क आहे. त्याच्या आधारांपैकी एक फार सुंदर आहे. चौथ्या खंडात एका खाणावळीच्या पाटीवरचा काळा लोखंडी ड्रॅगन तोडून नदीत फेकल्याची हकीकत येते. त्याचे एक डोके पुष्कळ वर्षांनी किनाऱ्याला लागते तेव्हा ते गंजून लाल झालेले असते. टार्गेरियनांचे चिन्ह लाल ड्रॅगन, ब्लॅकफायरांचे काळा. मालिकेने हे पात्रच वगळले, त्यामुळे तेथून होकार वा नकार मिळत नाही.

हेतूंचा वाद : ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ (२०२२ पासून) या पूर्वकथेत निकाल आधीच ठाऊक असल्याने तर्क हेतूंकडे वळले. तिचा आधार असलेला ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) हा परस्परविरोधी साक्षींवर रचलेला काल्पनिक इतिहास आहे. राजा व्हिसेरिसनंतर (हा वर आलेल्या राजपुत्राचा त्याच नावाचा पूर्वज) मुलगी रेनीरा की मुलगा एगॉन, या संघर्षामागे इंग्लंडमधील मटिल्डा व स्टीफन यांच्या यादवीची (११३५–५३) छाया आहे. तेथेही सरदारांनी राजकन्येशी निष्ठेची शपथ घेतली होती. मालिकेत मरणोन्मुख व्हिसेरिस एगॉन नावाच्याच एका पूर्वजाच्या स्वप्नाविषयी बोलतो आणि राणी ॲलिसेंट ते आपल्या मुलाविषयी, एगॉनविषयी, समजते. तिची समजूत प्रामाणिक होती की सोयीची? दुसऱ्या हंगामात तिला चूक उमगताना दाखवल्यावर प्रामाणिकपणाचे पारडे जड झाले. मात्र तिच्या नकळत मंत्रिमंडळाने एगॉनला बसवण्याचे आधीच ठरवले होते, हे विसरले जाते. तिच्या गैरसमजाने युद्ध घडले असे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटाविषयीचे बहुतेक तर्क रक्ताच्या हक्कावर उभे होते. १९ मे २०१९ च्या अंतिम भागात मात्र सरदारांच्या सभेने नेडचा मुलगा ब्रॅन स्टार्क याची राजा म्हणून निवड केली आणि पुढचे राजेही निवडूनच येतील असे ठरले. औरस ठरलेला जॉन उत्तरेकडे भिंतीपलीकडे निघून गेला.