‘नुसता अंदाज’ कधीच मागे पडलाय

रंकाळ्यावर गप्पा रंगल्या की कोणीतरी म्हणतंच, “लघुग्रह पडून डायनासोर मेले, हा नुसता अंदाज हाय. बघाय कोन गेलतं?”

१९८० साली ही शंका रास्त होती. अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी इटलीत, डायनासोर संपले त्या काळातल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा धातू दाखवला होता. पृथ्वीच्या कवचात तो दुर्मीळ, लघुग्रहांत भरपूर. पण धडकेचं विवर कुठं होतं? पुढे जगभर त्याच थरात इरिडियम मिळालं, धडकेच्या प्रचंड दाबाच्या खुणा असलेले क्वार्ट्झचे (गारेचे) कणही. मग १९९० च्या दशकात मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं सुमारे १८० किलोमीटरचं विवर ओळखलं गेलं. वयही जुळलं: ६.६ कोटी वर्षं.

वाद उरलाय तो वेगळा. आपल्या पन्हाळ्याचा काळा कातळ ज्या दख्खनच्या लाव्ह्यातून घडला, त्याचा या संहारात वाटा किती?