कझानलकचे थडगे: चुना, ओल आणि माणसाचा श्वास

बल्गेरियातल्या कझानलक शहराजवळच्या टेकडीवर १९ एप्रिल १९४४ रोजी सैनिक खणत होते. मातीखाली त्यांना एका थ्रेशियन, म्हणजे बाल्कन प्रदेशातल्या प्राचीन थ्रेस लोकांच्या, सरदाराचे विटांचे थडगे सापडले. ते साधारण इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचे आहे. सेउथेस तिसरा या राजाची राजधानी सेउथोपोलिस तिथून जवळच होती. आता ती कोप्रिंका धरणाच्या पाण्याखाली आहे.

थडगे अगदी लहान. आधी एक छोटी खोली, मग जेमतेम दोन मीटर लांबीची अरुंद वाट आणि शेवटी गोल दफनकक्ष. हा कक्ष २.६५ मीटर व्यासाचा आणि सव्वातीन मीटर उंच आहे. विटांचे वेढे एकावर एक चढताना थोडे थोडे आत सरकतात आणि वर घंटेसारखे मिटतात.

आतून घुमट चित्रांनी रंगवलेला आहे. त्याच्या अगदी माथ्याशी तीन रथ गोलाकार धावतात. त्यांच्याखाली मेजवानी रंगली आहे. बसलेले स्त्री-पुरुष, फळांचे तबक आणणारी बाई, तुतारी फुंकणारे, घोडे. पुरुषाने त्या स्त्रीचा हात मनगटाजवळ धरला आहे. नजर तिथेच थांबते. रंग मात्र चारच: काळा, तांबडा, पिवळा, पांढरा.

ओल्या गिलाव्यावरचे चित्र टिकते ते चुन्यामुळे. चुनखडी भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की गिलाव्याला तयार. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडी बनतो आणि रंगाचे कण त्या पापुद्र्यात अडकतात. गिलावा फार ओला असताना रंग लावला तर तो पसरतो, उशीर झाला तर पापुद्रा आधीच धरलेला असतो आणि रंग नुसता वर बसतो. चुना जहाल असल्याने त्यात बहुतेक वनस्पतिजन्य रंग फिके पडतात, मातीचे गेरू-पिवडीसारखे रंग तगतात. गिलावा सुकल्यावर खळीत कालवून भरलेले बारकावे सहसा आधी झडतात.

गंमत अशी, की ज्या वायूने चित्र पक्के केले तोच ओलीच्या सोबतीने ते विरघळवतो. पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड चुनखडीचे विद्राव्य बायकार्बोनेट करतो. ढोबळ हिशेब करू. कक्षात दहा घनमीटर हवा धरली, तर तिच्यात हा वायू चारेक लिटर असतो. शांत बसलेला एक माणूस तासाला १५ ते २० लिटर सोडतो! वाफेचे गणित त्याहून वाईट. १५ अंश सेल्सिअसला एवढी हवा जास्तीत जास्त १२८ ग्रॅम वाफ धरते. आर्द्रता आधीच ९० टक्के असेल, तर जेमतेम १३ ग्रॅमची जागा उरते. माणूस तासाला ४० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. म्हणजे वीस मिनिटांत भिंतीला दव धरू लागते.

पुढे हवा कोरडी झाली की ओलीतले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात. जुन्या घरांच्या भिंतींना लागतो तोच लोणा. स्फटिक रंगाच्या मागे वाढले तर पोपडे सुटतात. दिवे फार वेळ जळले तर हिरवे शेवाळ धरते, ते वेगळेच.

म्हणून १९७४ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली आणि पर्यटकांची गर्दी तिकडे वळली. मूळ थडगे १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.