सिरियल पोर्टचं बाइंडिंग कागदावर कसं आलं

रावेर-यावलच्या केळीबागांसाठी आम्ही जळगावात ठिबकचे कंट्रोलर बनवतो. पेटीत लिनक्सचा छोटा बोर्ड, त्याला आरएस-485 च्या (लांब तारांवर सिरियल संदेश नेणाऱ्या पद्धतीच्या) दोन तारांवर ओलाव्याचे सेन्सर. कामाला नवीन लागलेली मुलं ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड मन लावून वाचतात, पण बाइंडिंगचा, म्हणजे त्या हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं ते ठरवणारा, दस्तऐवज उघडतही नाहीत. तो आला कुठून, हे कळलं की ते उघडतील, असं मला वाटतं.

1981 च्या आयबीएम पीसीत सिरियल पोर्टसाठी 8250 चिप होती. पहिल्या पोर्टचा पत्ता 3एफ8, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) 4, हे ठरलेलं. ड्रायव्हरमध्येच आकडे लिहून भागायचं. मोबाइल आणि छोट्या बोर्डांतल्या एआरएम जातीच्या चिपांत ही सोय उरली नाही. 8250 च्याच घराण्यातला पोर्ट जो तो हवा तिथे बसवू लागला. मग बोर्डागणिक एकेक सी फाइल कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, साठत गेली. मार्च 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर उघडपणे भडकले आणि एआरएमवाल्यांनी डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलीकडे, जाण्याचा वेग वाढवला. कल्पना जुनीच, सन कंपनीच्या ओपन फर्मवेअरमधली. 1994 मध्ये ती आयईईई 1275 मानकात आली होती, आणि पॉवरपीसी जातीच्या चिपांवर लिनक्स ती वापरतही होतं.

हार्डवेअरचं वर्णन कोडबाहेर आलं खरं, पण त्यात रकाने कोणते आणि प्रत्येकाचा अर्थ काय, हे कुठेतरी ठरायला हवं होतं. बाइंडिंग म्हणजे सातबाऱ्याचा कोरा नमुना, आणि बोर्डाची डिव्हाइस ट्री हा त्यात भरलेला उतारा.

'रेग-शिफ्ट' हा रकाना बघा. 8250 ची रजिस्टरं (चिपमधले छोटे कप्पे) एकेक बाइटची, पण बऱ्याच चिपांत ती चार-चार बाइटांच्या अंतरावर असतात. तिथे रेग-शिफ्ट 2 लिहावं लागतं. राहिलं, तर ड्रायव्हर भलत्याच जागी वाचत-लिहीत राहतो आणि कन्सोलवर धड काही उमटत नाही. आरएस-485 मध्ये पाठवणं-ऐकणं अशी दिशा बदलायला आरटीएस ही पोर्टची तार वापरतात. त्याच्या विलंबाचे मिलिसेकंदांत दोन आकडे, पाठवण्याआधीचा आणि नंतरचा. नंतरचा फार मोठा ठेवला, तर सेन्सर बोलू लागला तरी आपला बोर्ड लाइन सोडत नाही आणि उत्तराचे पहिले बाइट जातात. बोर्ड आखणाऱ्याने हे सगळं ड्रायव्हरचा कोड उपसून शोधावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सुरुवातीची बाइंडिंगं साध्या मजकुरात असत. माणूस वाचू शके, यंत्राला तपासता येत नसे. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीचं काम पाहणारे रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने 2018-19 पासून ती यामल या ठरावीक मांडणीत, यंत्राला तपासता येणाऱ्या जेसन-स्कीमाच्या नियमांनी लिहिली जाऊ लागली. 8250 च्या बाइंडिंगचं रूपांतर 2020 मध्ये झालं. चुकीचा रकाना आता कर्नल बांधताना वापरायच्या 'मेक'च्या एका आज्ञेत सापडतो.

हे सारं इतकं काटेकोर ठेवायचं कारण म्हणजे ट्री बोर्डाच्या फ्लॅशमध्ये पडून असते आणि कर्नल बदलत राहतं. विहिरीजवळच्या पेटीतली जुनी ट्री नव्या कर्नलवर चाललीच पाहिजे. म्हणून नंतर आलेला रकाना ऐच्छिक ठेवतात. तो नसेल तर वागणूक पूर्वीचीच. शिवाय बाइंडिंगमध्ये हार्डवेअरच लिहायचं, ड्रायव्हरची सोय नाही. बाइंडिंगचा पॅच (कर्नलसाठी पाठवलेला बदल) वेगळा असतो, आणि पॅचच्या मालिकेत ड्रायव्हरच्या पॅचआधी लागतो.